सात चौकोन सोडून

भाऊंनी कोणताही कागद पहिल्या चौकोनापासून लिहायला घेतलेला मी कधी पाहिला नाही. ते चौकोनी वहीच वापरायचे. डावीकडचे सात चौकोन बोटाने मोजून सोडायचे आणि आठव्यात पहिलं अक्षर काढायचे. उजवीकडचे आठ चौकोनही तसेच मोकळे. रजेचा अर्ज असो नाहीतर घरून सांगितलेली बाजाराची यादी, गोडेतेल आठव्या चौकोनातच सुरू व्हायचं. साधा कागद हातात आला तर आधी पट्टीने चौकोन आखून घ्यायचे, आणि तेवढा वेळ समोरच्या माणसाने उभं राहायचं. वाक्य संपलं की पूर्णविराम इतका दाबून द्यायचे की खालच्या पानाला भोक पडायचं. त्यांचं लिहिलेलं पान आम्ही उजेडाला धरून एकमेकांना दाखवायचो. नुसती चाळण.

रत्नागिरीतल्या एका धर्मादाय रुग्णालयाच्या रक्तपेढीत मी कारकून म्हणून लागले तेव्हा भाऊ तिथे आधीपासून होते. मूळचे लांज्याकडचे. तरुणपणी मुंबईत एका कंपनीच्या कॉम्प्युटर खात्यात ते कोबोल शिकले. कोबोल ही कॉम्प्युटरला हुकूम द्यायची फार जुनी भाषा. त्या काळी एकेक ओळ एकेका जाड कार्डावर भोकं पाडून द्यावी लागे. कार्डावर रकाने ऐंशी. पहिल्या सहांत ओळीचा क्रमांक, सातव्यात लागली तर एखादी खूण, आठव्यापासून हुकूम. बहात्तराव्या रकान्यानंतरचे आठ मशीन वाचतच नसे. भाऊ कोकणात परत आले तोवर कार्डं इतिहासजमा झाली होती. भाऊंचे रकाने झाले नव्हते. मुंबईच्या कुणा दात्याने टाकून द्यायचा कॉम्प्युटर आम्हाला दान दिला, त्यावर भाऊंनी रक्तदात्यांच्या नोंदीचा प्रोग्रॅम लिहिला, अर्थात कोबोलमध्ये. तेव्हाही नव्या भाषा आल्या होत्या. मी विचारलं तर म्हणाले, "नवीन भाषा दर पावसाळ्यात उगवते, बाय. ही टिकेल."

टिकली. तोच तर त्रास आहे.

त्यांची दुसरी खोड म्हणजे दहाच्या टप्प्याने क्रमांक देणं. प्रोग्रॅमच्या ओळींना तसे क्रमांक देतात, मध्ये ओळ घालायची झाली तर जागा असावी म्हणून. ते मला समजतं. पण आमच्या खोलीतल्या चार कपाटांनाही त्यांनी दहा, वीस, तीस, चाळीस असे क्रमांक रंगवून घेतले होते. नवीन शिपाई आला की आठवडाभर अकरा नंबरचं कपाट शोधत फिरायचा.

"भाऊ, दोन कपाटांच्या मध्ये तिसरं कुठून येणार? तिथे बोट शिरत नाही."

"आज शिरत नाही."

रक्तगटांनाही त्यांनी आकडेच दिले. ए म्हणजे दहा, बी म्हणजे वीस, एबी तीस, ओ चाळीस. सरळ अक्षरं लिहिली असती तर काय बिघडलं असतं? विचारलं तर उत्तर ठरलेलं: "मध्ये एखादं घालायला लागलं तर?" मी म्हटलं, रक्तगट काय रोज नवे निघतात? ते चष्म्यावरून माझ्याकडे बघून पुन्हा कामाला लागले. वाद जिंकल्याचा आनंद माणसाला मिळू न देण्यात भाऊंचा हात धरणारं कुणी नव्हतं.

गावाच्या नावाला त्यांनी आठ अक्षरांची जागा ठेवली होती, तीही इंग्रजी. राजापूर बसलं, दापोली बसली. संगमेश्वर अर्ध्यावर तुटलं, हातखंब्याचं हातखंब झालं. आणि आमचं स्वतःचं रत्नागिरी इंग्रजीत नऊ अक्षरांचं, त्यामुळे शेवटचा आय गेला आणि दात्यांच्या कार्डावर 'रत्नागिर' छापून येऊ लागलं. लोक कार्ड घेऊन खिडकीशी यायचे आणि मला सुनवायचे. एक निवृत्त शिक्षक तर लाल शाईने दुरुस्त करून कार्ड परत देऊन गेले. मी ते भाऊंच्या टेबलावर आपटलं.

"आठच रकाने शिल्लक होते," भाऊ शांतपणे म्हणाले. "एक अक्षर गेलं म्हणून माणूस घर विसरत नाही."

पूर्णविरामाचा त्यांचा हट्ट न पाळणं मात्र मला एकदा महागात पडलं. शिबिराची आठवण देणारी पत्रं प्रोग्रॅम छापत असे. एक किरकोळ दुरुस्ती भाऊंनी कागदावर लिहून दिली आणि मी टाइप केली. कोबोलमध्ये हुकूम टिंबाने संपतो, आणि एका ओळीनंतरचं ते टिंब माझ्याकडून राहिलं. त्यामुळे मृत दात्यांना वगळण्याचा हुकूम भलत्याच अटीखाली गेला आणि पत्रं सगळ्यांना गेली, वारलेल्यांनासुद्धा. चौथ्या दिवशी एक म्हातारी बाई पत्र घेऊन खिडकीशी उभी राहिली. "ह्यांना बोलावलंत तुम्ही," ती म्हणाली. "मी ह्यांना आता आणू कुठून ते पण सांगा." भाऊ उठले, तिला बसवून चहा दिला, मग स्वतः रिक्षाने घरी सोडून आले. मला वाटलं आता बोलणी बसणार. त्यांनी फक्त तो कागद माझ्यासमोर ठेवला आणि स्वतःच्या टिंबाने पडलेल्या भोकावर पेन्सिलीचं टोक टेकवलं. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं झालं असतं.

पुढे भाऊ निवृत्त झाले आणि रक्तपेढीची सिस्टिम दोनदा बदलली. बदलली म्हणजे वर बदलली. खिडकीत रंगीत पडदा आला, मग टॅबलेट आला. पण दात्याचा क्रमांक आजही खालून भाऊंचाच प्रोग्रॅम देतो, कारण तो बंद केला की बाकी काय काय बंद पडेल हे सांगायला एकही कंपनी तयार नाही. टॅबलेटवरच्या फॉर्ममध्ये सगळ्यात आधी सात रिकाम्या चौकटी येतात. त्यात काय भरायचं ते कुणालाच माहीत नाही. खिडकीवरच्या मुली सात शून्यं ठोकून पुढे जातात. जुन्या कागदी फॉर्मवर भाऊंनी सात चौकोन सोडले होते, पहिल्या कंपनीने ते जसेच्या तसे घेतले, दुसरीने पहिलीकडून घेतले. विचार कुणीच केला नाही. मी ही गोष्ट भाऊंना भाट्याला त्यांच्या घरी जाऊन सांगितली तेव्हा ते इतके हसले की खोकला लागला. "रंग त्यांनी दिला," ते म्हणाले, "वासे माझेच."

"कौतुक नाही करत आहे मी, भाऊ. एका जागी सगळं लिहून ठेवलं असतंत तर आज ही वेळ आली नसती."

"लिहिलेलं आहे."

"कुठे?"

"तुला दिलाय की गठ्ठा."

तो गठ्ठा. निवृत्तीच्या दिवशी माणसं नारळ आणि शाल घेऊन घरी जातात. भाऊंनी जाताना माझ्या हातात हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या रुंद कागदाचा, चांगला वीतभर जाड गठ्ठा दिला होता. सगळा प्रोग्रॅम, ओळ न् ओळ छापलेला. "फेकू नको. उजवीकडचे आठ रकाने मशीनसाठी नसतात गो, माणसांसाठी असतात," एवढंच म्हणाले. मला त्या दिवशी निरोपसमारंभाचे सामोसे मोजून घ्यायचे होते. मी गठ्ठा चाळीस नंबरच्या कपाटात मोडक्या वजनकाट्याखाली सरकवला आणि वर्षानुवर्षं त्या गठ्ठ्याला शिव्या देत कपाट आवरत राहिले.

दोन वर्षांपूर्वी भाऊ गेले. मी घरच्यांना भेटायला गेले तेव्हा त्यांच्या सुनेने फ्रिजवरची शेवटची यादी दाखवली. रवा, काडेपेटी, आमसुलं. सात चौकोन सोडून. "आता ह्यातलं काय आणायचं राहिलं तेसुद्धा कळत नाही," ती म्हणाली. "वाण्याला काही सांगायचं असलं की त्यांनी ते उजवीकडे कडेला लिहिलेलं असायचं. मी बघायचेच नाही." मी मान हलवली आणि विषय बदलला.

या वर्षी एप्रिलमध्ये हातखंब्याच्या आतल्या एका गावातून वनिता नावाची बाई आमच्या रुग्णालयात दाखल झाली. वय चाळिशीच्या आत, गर्भाशयात गाठ, रक्तस्राव थांबत नव्हता. हिमोग्लोबिन पाचाच्या खाली. नवरा मुंबईला कामाला, तो निघाला होता. सोबत जाऊ होती. रक्त तपासलं तेव्हा प्रयोगशाळेतून मला खाली बोलावलं. बॉम्बे गट.

मुंबईत पहिल्यांदा सापडलेला हा गट फार थोड्या माणसांत असतो. पहिल्या साध्या तपासणीत ते रक्त अगदी ओ गटासारखं दिसतं. पण त्या माणसाला ओ गटाचं रक्त दिलं तर जीव जाऊ शकतो. त्याला फक्त बॉम्बे गटाचंच चालतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, दोन पिशव्या हातात आल्याशिवाय मी शस्त्रक्रियेला हात लावणार नाही, आणि शुक्रवारच्या पुढे थांबता येणार नाही. तो दिवस बुधवार होता. वनिता एकुलती एक, त्यामुळे भावंडांचा मार्ग बंद.

तिची जाऊ माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. "मॅडम, हिने जल्मात मुंबई बघितली नाय. हिचं रक्त बॉम्बेचं कसं?"

"नुसतं नाव आहे हो ते."

"मग गावाकडचं कुणाचं चालेल की. आमच्या वाडीतले पंधरा बाप्ये खाली उभे आहेत."

पंधराजणांची तपासणी केली. एकही नाही. मुंबईला फोन केले. एक दाता तापाने आजारी, दुसरा देशाबाहेर. आमच्या सिस्टिममध्ये शोधलं तर बॉम्बे गटाचे दाते: शून्य.

ते शून्य मला पटेना. मी बाळंतपणाच्या रजेवर होते त्या वर्षी प्रयोगशाळेने बाहेरच्या तज्ज्ञांना बोलावून गावोगाव तपासणी केली होती. रजेवरून परत आले तेव्हा भाऊ चहा पिताना म्हणाले होते, "आपल्याकडे बॉम्बेवाले किती झाले माहीत आहे का? हाताची बोटं पुरत नाहीत." मी तेव्हा लक्ष दिलं नव्हतं. पण म्हणजे माणसं होती. मग गेली कुठे?

सिस्टिम सांभाळायला पुण्याच्या कंपनीची मधुरा नावाची इंजिनिअर त्या आठवड्यात रत्नागिरीतच होती. हुशार, कामसू मुलगी. तिला म्हटलं, जुन्या प्रोग्रॅममधून नोंदी नव्यात आणल्यात तेव्हा काही गळलं का? तिने पाच मिनिटांत दाखवून दिलं, जुन्यात जेवढे दाते तेवढेच नव्यात, एकही कमी नाही. खाली माझीच सही होती, बेरीज तपासली म्हणून.

मी चाळीस नंबरचं कपाट उघडलं. वजनकाटा बाजूला काढला, गठ्ठा टेबलावर घेतला आणि पानं उलटायला लागले. मला कोबोल येत नाही. पण गटांची नावं इंग्रजीत असतात आणि आकडे मला पाठ होते. दहा, वीस, तीस, चाळीस. ओळींचे क्रमांकही होते, तीनशे दहापासून तीनशे चाळीसपर्यंत. आणि तीनशे चाळीसच्या खाली तीनशे पंचेचाळीस. मध्ये घातलेली ओळ. त्या ओळीत गटाचा आकडा पंचेचाळीस. नजर उजवीकडे नेली, मशीन वाचत नाही त्या आठ रकान्यांत. तिथे छापलं होतं, बॉम्बे.

ओसारखं दिसणारं रक्त, म्हणून ओच्या शेजारी. चाळीसच्या पुढे पंचेचाळीस.

"मधुरा, नोंदी नव्यात आणताना या आकड्यांचं काय केलंत?"

"सगळ्यांच्या शेवटी शून्यच होतं ना, मॅडम. पहिल्या हजार नोंदी बघितल्या. मग शेवटचा आकडा काढूनच टाकला. एक म्हणजे ए, दोन म्हणजे बी..." ती बोलता बोलता थांबली. पंचेचाळीसमधला पाच काढला की चार उरतात. चार म्हणजे ओ. तिने खुर्ची ओढून घेतली. "म्हणजे ती सगळी माणसं ओमध्ये गेली."

नुसती गेली नव्हती. ओ छापलेली नवी कार्डं खिशात घेऊन फिरत होती. रक्त देण्याआधी दर वेळी पुन्हा तपासणी होते म्हणून आजवर निभावलं. माझी बेरीज बरोबर आली होती. माणसं मोजली होती मी, बघितली नव्हती. मधुराला बोलायला मला तोंड नव्हतं.

भाऊंचा प्रोग्रॅम चालूच होता. त्या काळ्या पडद्यावर मधुराने पंचेचाळीस आकडा विचारला. अकरा नावं आली. तीन वारले होते. चौघांचे फोन बंद. दोघं बाहेरगावी, एकीचं वय उलटलेलं. उरला भाट्याचा एक निवृत्त खलाशी, छप्पन वर्षांचा. मी फोन लावला.

"भाऊंच्या तिथून बोलताय काय?" तो म्हणाला. "मला वाटलं विसरलात."

"तुमच्याकडे आमचं कार्ड आहे ना? त्यावर गट कुठला आहे?"

"जुन्यावर बॉम्बे. भाऊंनी स्वतःच्या हाताने कडेला लिहून दिलंय, जपून ठेव म्हणून. नवीन पाठवलंत त्याच्यावर ओ आलंय. म्हटलं, मोठ्या लोकांनी छापलंय तर बदललं असेल रक्त."

"मग फोन नाही का करायचा!"

"केलेला. तुमच्या मुलीने सांगितलं, कॉम्प्युटरमध्ये जे आहे तेच बरोबर."

मी त्याला लगेच बोलावून घेतलं. तासाभरात तो हजर झाला. पण पिशवी एकच. बंद फोनवाल्या चौघांसाठी मी गठ्ठा पुन्हा उघडला. शेवटच्या पानांवर भाऊंनी अकराही दात्यांची यादी छापून ठेवली होती, आणि प्रत्येक ओळीच्या उजव्या कडेला आठ अक्षरांत काहीतरी. शेजाऱ्याच्या दुकानाचं नाव, मामाचं गाव, शाळा. एका बाईंच्या नावापुढे 'दापोली' आणि शाळेची आद्याक्षरं. त्या शाळेत फोन केला. बाई तिथे अजून शिकवत होत्या. गुरुवारी सकाळची पहिली एसटी पकडून दुपारी आमच्याकडे पोचल्या, घामाने निथळत, आणि आल्या आल्या म्हणाल्या, "आधी लिंबूसरबत द्या, मग रक्त घ्या."

शुक्रवारी वनिताची शस्त्रक्रिया झाली. दहाव्या दिवशी ती स्वतःच्या पायांनी खाली आली. जावेने माझ्या टेबलावर फणसाच्या गऱ्यांचा डबा ठेवला आणि पुन्हा विचारलं, "पण मॅडम, बॉम्बे कसं?"

अकरा जणांची कार्डं दुरुस्त झाली. जे वारले त्यांच्याही घरी मी स्वतः जाऊन आले, कारण हा गट घरातल्या दुसऱ्या कुणात असू शकतो. पत्र पाठवलं नाही. दात्याच्या नोंदीत उजवीकडे आठ अक्षरांची जागा करून घेतली. मधुराने विचारलं, यात नेमकं काय भरायचं, सिस्टिम त्याचं काय करणार? मी सांगितलं, सिस्टिमने त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही.

आता हात घातलाच आहे तर आमच्या गावाचं नावही पूर्ण करून टाक, असंही मी तिला म्हटलं. इतकी वर्षं लोकांची बोलणी खाल्ली होती. तिने दोन दिवस खटपट केली आणि तिसऱ्या दिवशी माझ्यासमोर येऊन बसली.

"नवव्या अक्षराला जागा दिली की पुढचं सगळं एक घर सरकतं, मॅडम. त्याच्या पुढे लगेच गटाचा आकडा आहे."

"म्हणजे पंचेचाळीस?"

"सरकेल. सगळं पुन्हा लिहावं लागेल."

मी तिच्या हातातला नमुन्याचा कागद घेतला. छान छापून आलं होतं, नऊच्या नऊ अक्षरं. कागदाची घडी घालून मी तो कचऱ्याच्या टोपलीत टाकला.

"राहू दे," मी म्हटलं. "एक अक्षर गेलं म्हणून माणूस घर विसरत नाही."